दत्ता हाफटाइमला का पळाला

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. एकदा जोतिबाला गेलो होतो, तिथं देवासमोर उभा राहून सांगून टाकावं म्हटलं, तर ऐन वेळी पोराच्या नोकरीचंच काहीतरी पुटपुटलो आणि गुलाल लावून खाली आलो. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

फुटबॉलपासून सुरुवात करतो. कोल्हापुरात कशाचीही सुरुवात तिथून केलेली चालते.

इथं प्रत्येक पेठेच्या तालमीची फुटबॉल टीम असते, आणि आमच्या तालमीच्या जुन्या समर्थकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सगळे साठीच्या पुढचे, गुडघे गेलेले, साखर वाढलेली, पण घसा अजून शाबूत. हंगाम सुरू झाला की कुणीतरी जुना फोटो टाकतो आणि मग आठवणींना ऊत येतो. हलगी वाजवत पेठेतून स्टेडियमपर्यंत जायचं, पायऱ्यांवर उन्हात बसून भडंग खायचं, रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. हरलो तर घरात मटण शिजलेलं असलं तरी ताटावर बसायचं नाही. खरं आहे सगळं. मीही लिहितो, मलाही ते दिवस गोड वाटतात. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतोच — दत्त्या हाफटाइमला पळाला, ती मॅच आठवती का? मग हसरे इमोजी येत राहतात. मीही एक टाकतो.

दत्ता आमचा सेंटर फॉरवर्ड. शिरोळकडच्या खेड्यातला. वडील लहानपणीच गेलेले, आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला जायची. तो आमच्या तालमीतल्या माडीवर राहायचा. मला स्वतःला चेंडू धड अडवता येत नव्हता, पण दत्ताचा जिगरी दोस्त म्हणून पेठेत माझा रुबाब होता. त्यानं गोल मारला की लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे, आणि मी ती घ्यायचो. सुट्टीत मी त्याच्या गावी जायचो. त्याची आई चुलीपुढं बसवून भाकरी आणि खर्डा वाढायची, पोट भरलं म्हटलं तरी ऐकायची नाही. "खा की बाळ, लाजतोयास व्हय?"

मग तो गेला. खालच्या पेठेच्या तालमीनं त्याला साखर कारखान्यात चिकटवलं आणि हा त्यांच्याकडून खेळायला लागला. नोकरीसाठी गेला, हे मला तेव्हाही कळत होतं. राग नोकरीचा नव्हता. त्यानं मला सांगितलं नाही. मला न्हाव्यानं सांगितलं, तोंडाला साबण लावलेला असताना. दुकानातले सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मला आधीच माहीत असल्यासारखं मी हसलो. त्या हसण्याचा सूड मला उगवायचा होता — दुसरं कारण शोधू नका, मीही शोधून दमलोय.

आमच्या चौकात एक फळा होता. पेठेत कुणी वारलं की नाव आणि रक्षाविसर्जनाची वेळ त्यावर खडूनं लिहायची पद्धत. खालच्या पेठेशी सेमीफायनल होती, तिच्या आदल्या दिवशी आमच्या बापूनं, त्याचं अक्षर मोत्यासारखं, फळ्यावर लिहिलं — 'आपल्या पेठेचा लाडका सेंटर फॉरवर्ड दत्ता याचे दुःखद निधन. रक्षाविसर्जन उद्या स्टेडियमवर.' खाली दोन फुलं काढली. चौक हसून हसून लोळला. ग्रुपवर आजही बापूला त्याबद्दल दाद मिळते. या सगळ्याला मी गुन्हा म्हणत नाही. पेठापेठांत याहून वाईट चालायचं.

पण त्या दिवशी दत्ताच्या गावचा एक माणूस गूळ घेऊन बाजाराला आला होता. त्यानं जाता जाता फळा वाचला. पहिली ओळ वाचली असेल, पुढचं वाचायला तो थांबला कशाला असता? तो तसाच गावाकडं सुटला, तो थेट दत्ताच्या आईकडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेठ रिकामी झाली होती. सगळे हलगीच्या मागं स्टेडियमकडं गेले. माझी चप्पल तुटली म्हणून मी मागं राहिलो होतो, चांभाराकडून नुकता चौकात आलो होतो. आणि समोरून दत्ताची आई आली. अनवाणी. केस सुटलेले, पदर कुठंतरी. तिला वाचता येत नव्हतं. दत्ता आता कुठं राहतो हे तिला माहीत नव्हतं, तिला फक्त आमची तालीम माहीत होती. आणि अख्ख्या कोल्हापुरात दत्ता सोडून ती एकाच माणसाला ओळखत होती. मला.

तिनं माझे दोन्ही दंड धरले. "बाळ, माझं पोरगं कुठं ठिवलंय रं?"

इथं मला तुम्हाला सांगता आलं असतं की कट्ट्यावर पोरं होती, त्यांच्यापुढं मला माघार घेता येईना. वीस वर्षं मी स्वतःला असंच सांगत होतो. पण पोरं नव्हती. कुणीच नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं — मावशी, दत्ता ठणठणीत हाय, चला, दावतो. स्टेडियम तिथून किती लांब? चालत गेलो असतो.

मी म्हणालो, "नदीवर न्हेलाय, मावशी. उशीर केलासा."

सावकाश म्हणालो. तिचा चेहरा बघत म्हणालो. ती पंचगंगेच्या वाटेनं पळत सुटली, आणि मी — मी मॅचला गेलो.

पहिल्या अर्ध्यात दत्तानं आम्हाला गोल मारला. काय खेळला त्या दिवशी! मी आमच्या लोकांत बसून त्याला आईवरून शिव्या देत होतो, आणि त्याची आई त्या वेळी कुठं आहे हे फक्त मला माहीत होतं. हाफटाइमला सायकलवरून एक माणूस आला, दत्ताच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि दत्ता बूट घातलेलाच फाटकातून पळाला. परत आला नाही. आम्ही दोन गोल मारून जिंकलो. ग्रुपवर ज्याच्या आठवणी निघतात तो विजय हाच.

ती स्मशानात एका परक्याच्या चितेपाशी सापडली. कुठल्या तरी तरण्या पोराची चिता होती, माणसं निघून गेली होती. ती तिथं बसून दत्ताच्या नावानं हंबरडा फोडत होती. नाव ऐकून तिथल्या माणसानं सांगितलं, दत्ता तर आज खेळतोय, पण तिला ते पटेना, म्हणून तोच सायकल काढून स्टेडियमवर आला होता. शेवटी दत्ता घामानं भिजलेला समोर येऊन उभा राहिला, तरी ती त्याला अंगाला हात लावू देत नव्हती. दोन्ही तळवे भाजले होते तिचे. लाकडं बाजूला करायला गेली होती.

हे मला दत्तानंच सांगितलं. चार-पाच दिवसांनी तो माझ्याकडं आला. खालच्या पेठेत बोभाटा झाला होता की दत्तानं जुन्या दोस्तांना मॅच विकली. आई मसणात बसली होती, ही थाप कोण ऐकणार? नोकरी कच्ची होती. ज्यांनी लावली होती तेच काढायला निघाले होते.

मला वाटलं, मारायला आलाय. तो म्हणाला, "आई म्हणती, तुला बी तसंच कळलं असंल. त्याला किती वाईट वाटलं असंल, म्हणती. तुझीच काळजी करती."

मी म्हणालो, "व्हय. मी गावाला गेलतो. आल्या आल्या फळा बघितला."

"मग तेवढं आमच्या तालमीत येऊन सांग की. आई खरंच आलती म्हणून. तुझं ऐकतील ती, तू तिकडचा हाईस. आज सांजच्याला सगळी बसणार हाईत."

"येतो," म्हणालो. त्यानं माझा हात दाबला.

संध्याकाळी मी गेलो, पण तालमीत नाही. समोरच्या हॉटेलात आतल्या बाकावर बसलो. तिथून मला दार दिसायचं. दत्ता दारात उभा होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत. आतून कुणीतरी हाक मारली की आत जायचा आणि पुन्हा बाहेर यायचा. मला त्याला वाचवायचंच नव्हतं. पकडला जाण्याची भीती होती म्हणून नाही, खरंच नाही. शेवटी ते सगळे बाहेर पडले, त्याच्याकडं न बघता निघून गेले, आणि तो पायरीवर बसला. तरीही वाट बघतच होता.

मी आणखी एक चहा सांगितला. मला बरं वाटत होतं.