मुख्य चित्रपटाच्या आधीचा माणूस

थिएटरात तो पडद्याकडे पाठ करून बसायचा. खुर्चीवर उलटा, खुर्चीच्या पाठीवर कोपरं टेकवून, मागच्या रांगांकडे तोंड. मागचे लोक अवघडून जायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "पडद्यावरचं बदलत नाही. माणसं बदलतात."

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला तो आमच्या शेजारी राहायचा. सत्तरी ओलांडलेला अमेरिकन. मी तेव्हा पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात इंजिनियर होतो, आणि आमची ओळख कुंपणावरून, माझ्या भेंडीच्या रोपांवरून झाली. आपण चित्रपट-निर्माते होतो असं त्यानं सांगितल्याबरोबर सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, चांगले कप बाहेर काढले आणि नट्यांची चौकशी सुरू केली. तो म्हणाला, नट्या नव्हत्या, बदकं होती.

महायुद्धानंतरच्या काळात त्यानं अमेरिकेत दहा-दहा मिनिटांचे विनोदी चित्रपट काढले होते. मुख्य चित्रपटाआधी, लोक अंधारात चाचपडत जागा शोधत असताना दाखवायचे. बदकांना कवायत शिकवणारा हवालदार, चष्मा लावलेला घोडा, असला सगळा मामला. घोड्याला शोभेल असा चष्मा मिळवायला तो दोन दिवस दुकानं हिंडला होता, आणि हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की आम्हाला हसायची चोरी. पुढे थिएटरवाल्यांनी हे छोटे चित्रपट लावणंच बंद केलं, आणि तो मुलीच्या मागोमाग ऑस्ट्रेलियात आला. जवळ एकच रीळ उरलं होतं. त्यात एक जाडे गृहस्थ होते आणि एक घडीची खुर्ची.

ते रीळ भरल्या हॉलमध्ये एकदा लागावं, एवढंच त्याला हवं होतं.

आम्ही मराठी मंडळी महिन्यातून एका रविवारी चर्चचा हॉल घेऊन सिनेमा दाखवायचो. प्रोजेक्टर माझ्या ताब्यात, म्हणून मी छातीठोकपणे हो म्हणालो. वेळ दोनची होती, बरोबर दोनला रीळ लावलं. आपल्या माणसांचे दोन कधी वाजतात ते तुम्हाला सांगायला नको. हॉलमध्ये तो, सुमन, मी आणि चर्चचा रखवालदार. म्हातारा दहा मिनिटं रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात मी मावशींना साकडं घातलं. मावशी वसईच्या, हॉस्पिटलात नर्स. त्यांचे बटाटेवडे खायला लोक सिडनीहून ट्रेनने यायचे. त्यांनी सगळ्यांना फोन करून कळवलं की वडे बरोबर दोनला, उशिरा येणाऱ्याला नुसती चटणी. पावणेदोनलाच हॉल भरला.

रीळ सुरू झालं. गृहस्थ खुर्ची उघडतात, खुर्ची मिटते. त्या हॉलमधल्या घडीच्या खुर्च्यांनी आमच्यातल्या प्रत्येकाचं बोट कधी ना कधी चेंगरलं होतं, त्यामुळे पहिल्या मिनिटाला जो हशा उसळला तो थांबेचना. शेवटी खुर्चीनं त्या गृहस्थांचीच घडी घातली, तेव्हा नाटकवेडे जोशी डॉक्टर उभे राहून ओरडले, "वन्स मोअर!" पाठोपाठ सगळा हॉल.

म्हातारा पांढराफटक पडला. माझ्याजवळ येऊन रीळ काढायला लागला. त्याला ऐकू आलं होतं, 'नो मोअर'.

"सॉरी, मेट," तो म्हणाला. "इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं."

शब्द इंग्रजी असले तरी ही आरोळी फक्त आपली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या नाटकात गाणं आवडलं की ते असं परत म्हणायला लावतात, असं मी त्याला समजावलं. मी थट्टा करतोय अशी त्याची खात्री होती. मग हॉल पुन्हा ओरडला.

दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा आरोळी उठली तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. फिल्म ठिकठिकाणी तडकली होती, आता टिकणार नव्हती, आणि दुसरी प्रत नव्हती.

"लाव," तो म्हणाला.

सातव्या मिनिटाला ती दिव्यासमोर अडकली आणि वितळली. पडद्यावर जाडे गृहस्थ खुर्चीसकट तपकिरी होत विरघळले. लोकांना तोही विनोदच वाटला, टाळ्या थांबेनात. म्हातारा लोकांकडे बघत उभा होता आणि रडत होता. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

त्याच हिवाळ्यात तो गेला.

परवा मुलानं विचारलं, त्या दिवशी मुख्य सिनेमा कोणता होता? मला आठवेना. सुमनला आठवेना. मावशींना आणि जोशी डॉक्टरांना फोन करून विचारलं. कुणालाच आठवत नाही.