समितीचं पत्र

स्पिरिटचा वास आला की परळचं ते हॉस्पिटल आठवतं. बालकल्याण समितीनं आमच्याकडे सांभाळायला दिलेल्या पोरीच्या कानाचं ऑपरेशन होतं. कारकून म्हणाला, "बाबा, तुमची सही चालणार नाय. बारापर्यंत समितीचं पत्र आणा, नायतर नंबर गेला." मी चौथी शिकलेला, पण मागे हटणारा नव्हे. टॅक्सीनं समितीचं ऑफिस गाठलं आणि तिथल्या अधिकारी बाईंच्या टेबलासमोर फतकल मारली. "पत्र घेतल्याबिगर उठणार नाय!" बाई हसल्या, शिक्का मारला. पावणेबाराला धापा टाकत वॉर्डात शिरलो, तर पोर बायकोला विचारत होती, "आजोबा पण सोडून गेले?" "आलो गं!" अख्खा वॉर्ड दचकला. आता तीच आतल्या खोलीतून दटावते, "आजोबा, ओरडू नका, ऐकू येतंय मला!"