ओढ्याकाठचा सोळावा

मेलेल्यांना हात लावण्याआधी नॉरिस ब्लेमायर हात धुवायचा. शिशाची माणसं, दोन बोटं उंच. तरीही.

ब्रशला टोक ओठांनी काढायचा. खालच्या ओठावर कायम रंग असे, बहुतेक लाल.

चहा साय धरेपर्यंत विसरायचा आणि मग तसाच प्यायचा.

दाराकडे पाठ करून बसायचा नाही.

फासा बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातच टाकायचा, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. फासा कडेला टेकून तिरका राहिला तर तो धरत नाहीत, पुन्हा टाकतात. शिशाच्या सैनिकांनी जुन्या लढाया खेळायच्या या खेळात हा नियम सगळीकडे आहे.

आणि टेबलावरून माणूस उचलताना तो कसा मेला ते सांगायचा. "मान. कुऱ्हाड." "डोळा. बाण." मग डब्यात. डब्यावर लिहिलं होतं: मेलेले.

टॅडकास्टरमध्ये आमची घरं शेजारी. साहित्याची पदवी घेऊन मी आईकडे परत आले, बिअरच्या कारखान्याच्या ऑफिसात लागले. नॉरिसने कुंपणावरून विचारलं, "पोरी, तुला कॅमेरा लावता येतो का?" तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी त्याच्या गॅरेजमध्ये असे.

टेबलावर टाउटनचा माळ होता. खरा माळ गावाबाहेर तीन मैलांवर आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी तिथे यॉर्क आणि लँकेस्टर या दोन राजघराण्यांच्या भांडणात इंग्रजांनी इंग्रजांना दिवसभर कापलं, बर्फ पडत असताना. पळणारे ओढ्यात बुडाले. मागचे त्यांच्या प्रेतांवरून पलीकडे गेले. नॉरिसचा बर्फ खायच्या सोड्याचा होता. ओढा तो स्वतः रंगवायचा. तो कधीच निळा नसे.

खेळणारे दूरच्या गावी, आपापल्या पडद्यासमोर. ते हुकूम द्यायचे, आणि दोन्ही बाजूंची माणसं नॉरिसच हलवायचा, दोघांचे फासे तोच टाकायचा. पडद्यावर फक्त टेबल आणि त्याचे हात दिसायचे. कार्डिफच्या ग्लेनिसने तीन वर्षांत त्याचा चेहरा पाहिला नव्हता. ती निवृत्त दंतवैद्य. यॉर्कची फौज कायम तिची.

"जबडा. गदा," नॉरिस म्हणायचा.

"दात किती गेले ते सांग ना राजा," ग्लेनिस म्हणायची. "धंद्याची सवय."

जानेवारीत एक मेल आली. त्याने मला वाचायला दिली. 'टाउटन चालवतोस असं ऐकलं. लँकेस्टरची बाजू मी घेईन. एलिस.'

"कोण एलिस?"

"भाऊ."

"तुला भाऊ आहे?"

"एकोणचाळीस वर्षं नाहीये."

मग त्याने सांगितलं. खाणकामगारांच्या संपाच्या हिवाळ्यात दोघे खाणीत होते. अकराव्या महिन्यात एलिस संप मोडून कामावर परत गेला, संपकऱ्यांचे दगड लागू नयेत म्हणून खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमधून. एका पहाटे बसकडे जाताना तिघांनी त्याला गल्लीत गाठलं. तोंडाला मफलर. मागून. डावा गुडघा लोखंडी पहारेने फोडला, पडल्यावर आणखी दोनदा. हाड पँटमधून बाहेर आलं होतं. एलिसने पोलिसांना सांगितलं, बर्फावर घसरलो. कारण तिघांतला एक खोकला होता, आणि तो खोकला त्याच्याच घरातला होता. पहार कुणाच्या हातात होती, ते मात्र त्याला दिसलं नव्हतं.

"कुणाच्या होती?" मी विचारलं.

नॉरिसने ब्रश ओठांत धरला, बाहेर काढला. "तो तेच विचारायला येतोय," तो म्हणाला. "आणि मला सांगावं लागणार. पहार माझीच होती, पोरी."

तीन रविवार एलिसने काही विचारलं नाही. त्याचा कॅमेरा बंद असे. घोगरा आवाज, थोडे शब्द. "धनुर्धारी पुढे." "भालेवाले थांबा." ग्लेनिसने त्याची डावी बाजू चिरडली, मधली फोडली. नॉरिस उचलत होता. पोट. भाला. कवटी. कुऱ्हाड. सोड्याच्या बर्फावर त्याने ब्रशने लाल शिंपडलं.

चौथ्या रविवारी एलिसकडे एकच तुकडी उरली. ओढ्यावरच्या पुलाजवळ सोळा माणसं.

"तीन किंवा वर आलं तर पूल राहिला," ग्लेनिस म्हणाली. "खाली आलं तर खाटीकखाना. टाक."

नॉरिसने फासा टाकला. मी त्याच्या खांद्याशी होते. दोन. सपाट, झाकणाच्या मध्यावर. त्याचा हात चटकन फाशावर आला.

"तिरका पडला," तो म्हणाला. "पुन्हा टाकतो."

तीन वर्षांत त्याने कुणासाठी असं केलं नव्हतं.

"तिरका नव्हता, नॉरिस," एलिस म्हणाला.

"कडेला टेकला होता."

"दोन होता. डोळे शाबूत आहेत माझे, पाय गेलाय. तुझी मेहेरबानी नको मला. ठेव दोनच. आणि उचल सगळे. नेहमीसारखे."

नॉरिस सिंकवर गेला. हात धुतले. बराच वेळ धुतले. परत आला आणि पहिला उचलला.

"पाठ. भाला."

"मान. तलवार."

"बुडाला. वरून तिघे पडले."

"तोंड. घोड्याची टाप."

ग्लेनिसने दातांचं विचारलं नाही. डब्यात शिसं शिशावर आपटत होतं. चौदा झाले. पंधरावा त्याने उचलला आणि हातातच धरला.

"डावा गुडघा," तो म्हणाला. "लोखंडी पहार."

एलिस म्हणाला, "मागून."

"मागून."

"तिघे होते."

"तिघे."

"पहार कुणाच्या हातात होती, नॉरिस?"

"माझ्या."

"नंतरचे दोन?"

"ते पण मीच. तू ओरडत होतास, तरी."

एलिसचा श्वास ऐकू येत होता. माझा हात कॉल बंद करायच्या बटणाकडे गेला. नॉरिसने मान हलवली: नको.

"आई गेली तेव्हा," एलिस म्हणाला, "मी चर्चच्या बाहेर गाडीत बसून होतो. तू तिची शवपेटी खांद्यावर उचललीस, माझ्या हातात काठी. मला वाटलं, खाली उतरावं आणि तुझं डोकं दगडावर आपटावं."

"आपटायचंस."

"तुझ्या खांद्यावर ती होती, गाढवा."

नॉरिसने पंधरावा डब्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला. टेबलावर एकच राहिला, पुलाच्या खांबाशी, ढाल वर धरलेला.

"काढ त्याला," एलिस म्हणाला.

नॉरिसने हात पुढे केला. परत घेतला. "पुढच्या रविवारी काढतो."

"आत्ता का नाही?"

"नाही होत, एलिस."

एलिस म्हणाला, "रविवारी मी येतो. गॅरेजमध्ये. माझ्यासमोर काढायचा. कॅमेऱ्यातून नाही."

"पायऱ्या आहेत दोन."

"चढेन. तू मागे उभा राहू नकोस म्हणजे झालं."

नॉरिस हसला. भावाच्या आवाजावर त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सोमवारी त्याने पायऱ्यांना लाकडी कठडा ठोकला. मंगळवारी खुर्ची आणली. ती दाराकडे तोंड करून ठेवली. आपल्यासाठी समोर स्टूल, दाराकडे पाठ करून.

गुरुवारी सकाळी गॅरेजचा दिवा जळत होता, म्हणून मी आत गेले. तो जमिनीवर होता. डॉक्टर नंतर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, पडण्याआधीच गेला असेल. पडताना कामाच्या लोखंडी टेबलाचा कोपरा लागला होता. सोडा सांडला होता आणि त्यात रक्त मुरलं होतं. मी ओरडले नाही. मला माझाच आवाज ऐकू आला. "कपाळ. लोखंडी कोपरा." मी ते म्हणाले. अजून कळत नाही, का.

एलिसला मीच फोन केला. तो फक्त म्हणाला, "रविवारी येतो म्हटलं होतं. रविवारीच येईन."

आला. कठडा धरून दोन पायऱ्या चढला, खुर्चीत बसला. हनुवटी अगदी नॉरिससारखी. हात धुवून सोळावा त्यानेच काढावा म्हणून मी सिंककडे बोट दाखवलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"ते त्याचं काम होतं," तो म्हणाला.

माळावर अजून तो एकटाच उभा आहे, ओढ्याकाठी, ढाल वर धरून. तो कसा मेला, ते नॉरिसने सांगायचं राहिलं.