तलावावर चालणारा ठिपका

दिवाळीच्या पाडव्यानंतर पाचव्या दिवशी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, गोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या गायकीचा ठिपका पडद्यावर तलावाच्या मधोमध आला.

गायकी म्हणजे गावाची गुरं राखणारा. जंगलात वाघाचा वावर होता आणि फोनला रेंज नव्हती. म्हणून एका संशोधन प्रकल्पाने त्याला खिशात मावेल असा नोड, म्हणजे सतत सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र, दिला होता. नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. गावाभोवती तीन खांब, प्रत्येकावर एक यंत्र. नोडचा सिग्नल कोणत्या खांबावर किती जोरात पोहोचतो त्यावरून अंतर निघतं आणि तीन अंतरांवरून जागा. खांब कुठे आहेत हे मात्र आम्हीच एकदा भरून दिलेलं होतं.

साडेदहाला त्याची बायको नेहमीच्या जागी डबा घेऊन गेली. तिथे ना तो होता, ना गुरं. ती पंचायतीच्या खोलीत आमच्या पडद्यासमोर येऊन बसली. साडेअकराला मासेमारांचे दोन डोंगे तलावात उतरले. इतक्या वेळाने आता प्रेतच मिळेल, असं त्यांच्यातला एक जण तिच्यादेखत बोलला.

ती पडद्याकडे बघत होती.

"बुडला मनता. मंग चालून कसा राह्यला?"

ठिपका खरोखरच चालत होता. थांबत, वळत, माणसाच्या वेगाने. खोलीच्या दारातून तलाव दिसत होता. ठिपका जिथे होता तिथलं पाणी स्थिर होतं.

एखादा खांब हलवला आहे का, असं मी विचारलं. एका म्हाताऱ्याने सहज सांगितलं की तिसरा खांब गायगोधनाच्या वाटेत येत होता. पाडव्याला गुरं देवासमोरून हाकतात, ती वाट. गायकीनेच तो उपटला आणि नारळ फोडून तलावाच्या पाळीवर रोवला. आम्हाला कळवलं का नाही, यावर म्हातारा म्हणाला, "कायले सांगाचं? देवाले सरक मनाचं का मंग?"

पाडव्यापासून आम्ही सुट्टीवर होतो; पडदा त्या सकाळीच पुन्हा उघडला होता. खांबाची नवी जागा भरली. ठिपका तलावावरून उठला आणि जंगलातल्या नाल्याजवळ दिसू लागला. डोंगे परत बोलावून माणसं तिकडे पाठवली. त्यांच्यासोबत मी होतो, आणि डबा घेऊन त्याची बायकोही.

एक वाजून बावन्न मिनिटांनी तो नाल्यात सापडला. जिवंत होता, पाय मोडला होता. साडेनऊच्या सुमारास पडल्यापासून जागचा हललो नाही, असं त्याने सांगितलं. वाळूत सरपटल्याची खूण नव्हती. बायकोने डबा तिथेच उघडला.

गुरं जवळच्या मोकळ्या जागेत एकत्र उभी होती. मोजली तेव्हा एकही कमी नव्हतं.

पडून राहिलेल्या नोडचा ठिपका थरथरतो, पण जागच्या जागी. दुरुस्त केलेल्या नोंदीत नऊ चाळीसपासून एक बावन्नपर्यंत ठिपका त्या मोकळ्या जागेभोवती फिरतो. मधे चार वेळा झाडीत जातो आणि परत येतो.

नोड त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होता. खिशाचं बटण लावलेलं होतं.