दाव्याचा खर्च आणि आमचा ओटा

दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला त्या दुपारी मी कोर्टाच्या व्हरांड्यातूनच मिस्त्रीला फोन केला, "उद्या ये अन् स्वयंपाकघरातला ओटा फोड." निकालाची प्रत हातात नव्हती, वकिलाशी धड बोलणं झालं नव्हतं. दाव्याचा खर्चही सामनेवाल्याने द्यायचा, एवढं ऐकलं आणि वकिलाला दिलेली सगळी फी परत आलीच, असं मी धरून चाललो.

वाडीला माझं ताडपत्रीचं दुकान आहे. एका ट्रान्सपोर्टवाल्याने उधारीवर माल नेला, चेक दिला, तो वटला नाही. अशा चेकवर झटपट निकालाचा दावा लावता येतो, हे सांगणारा वकील माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने फी सांगितली आणि मी मोठेपणाने दिली. पैसे मात्र बायकोचे होते. हुडकेश्वरच्या आमच्या घरातला ओटा इतका बुटका, की पोळ्या लाटून झाल्या की तिला कंबर धरून उभं राहावं लागायचं. शिवणकामातून तिने उंच ओट्यासाठी पैसे साठवले होते. "सामनेवाल्याकडून सगळे वसूल होतात," असं सांगून मी ते घेतले.

वकील निकालाची प्रत घेऊन घरी आला तेव्हा ओट्याचा मलबा अंगणात होता आणि शेगडी समोरच्या खोलीत, जमिनीवर.

"तुले दिलेली फी कधी परत येते गा?" मी विचारलं.

तो हसतच सुटला. "अबे, तू मले काय दिलं हे कोर्ट विचारतच नाही. दाव्याची रक्कम पाहते, ठरलेल्या दराने वकिलाची फी काढते, अन् तेवढीच सामनेवाल्यावर टाकते. त्यात हा गडी लढलाच नाही. मग ती आणखी कमी होते."

"पण तू एवढ्या चकरा मारल्या!"

"चकरा नाही धरत कोर्ट."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तू बोलू देशील तर! दर तारखेले तूच मले कायदा समजावून राहिला होता."

हे खरं होतं.

बायको जमिनीवरून उठून चहा घेऊन आली. उठताना तिचा हात भिंतीला टेकला, तो मी पाहिला. "भाऊजी, सरळ सांगा. ओट्याचे किती येतील?"

त्याने मान खाली घातली. "वहिनी, नळाची तोटी येईल. ओट्याचा दगड नाही यायचा." मग हळूच, "माझ्या फीतले थोडे मी..."

"राहू द्या. तुम्ही काम केलं, पैसे घेतले. फुकटची वकिली यांनी केली."

मिस्त्री टेप घेऊन दारातच उभा होता. "पैसे मागाहून द्या भाऊ, पण उंचीचं माप तर सांगा."

मी बायकोला म्हणालो, तुझे पैसे दुकानातून महिन्याच्या महिन्याला फेडतो. वकिलाने चहा संपवला, चपला घातल्या आणि गेला.

तो गेल्यावर बायकोने मला दंडाला धरून मिस्त्रीसमोर उभं केलं. "यांच्या उंचीचं माप घ्या," ती म्हणाली. "माझे पैसे फिटेस्तोवर पोळ्या हेच लाटतील."