रिळांची पंगत

आमच्या मामाकडे जेवायला गेलं की पत्रावळीवर जेवावं लागे. सण नाही, लग्न नाही, घरात मामा, मामी आणि मी अशी तीन माणसं, तरी पुढ्यात पळसाच्या पानांची पत्रावळ. नवखा पाहुणा बुचकळ्यात पडे. मग त्याची नजर समोरच्या खोलीत जाई. तिथे सतरंजीवर स्टीलची ताटं ओळीनं मांडलेली असत आणि प्रत्येक ताटात मासे धरायचं एकेक जुनं रीळ, सुटं करून, वाढून ठेवलेलं असे. 'वाढून' हा शब्द मामाचाच. कुणी जवळ गेलं की तो ओरडे, "हात नोको लावू वं, वाढेल हाय!"

मामाचं शेवटी काही चांगलं झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच आशा लावून मग पाणी ओतायचा प्रकार मला जमत नाही.

मामा अमरावतीला एका आयटीआयमध्ये फिटरचा मास्तर होता. मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर त्याने हा उद्योग धरला, किंवा उद्योगानेच त्याला धरलं. आमच्या भागात धरणं आणि तलाव झाले तसा पुष्कळांना गळ टाकायचा नाद लागला. कुणाचा भाऊ दुबईहून रीळ घेऊन आलेला, कुणाच्या आजोबांना चिखलदऱ्यात एखाद्या साहेबाने जाताना देऊन टाकलेलं. जपानी, फ्रेंच, स्वीडनची, सगळी म्हातारी. दांडीला लावून हँडल फिरवलं की तारेची कमान गरगर फिरून दोरा गुंडाळते, एवढंच त्या यंत्राचं काम. पण आतलं ग्रीस गुळाच्या ढेपेसारखं घट्ट झालेलं, स्प्रिंग तुटलेली, आणि भाग मिळणं कधीच बंद झालेलं. अशी रिळं मामाकडे येत. स्वतः मात्र त्याने कधी गळ टाकला नाही. "दिवसभर पान्याकाठी बसाचं आन एक मासोळी घेऊन याचं. रिकामे धंदे!" असं म्हणून तो एका टीचभर स्प्रिंगेला वाक देण्यात अख्खी दुपार घालवी.

त्याची पद्धत ठरलेली होती. पहिला स्क्रू निघाला की तो ताटात वर मधोमध, मिठाच्या जागी. "मीठ वाढलं," तो स्वतःशीच म्हणे. मग डावीकडे चटणी-कोशिंबिरीच्या जागी पातळ चकत्या, उजवीकडे भाजीच्या जागी स्प्रिंगा, आणि मधे भाताच्या जागी दातेरी चक्रांची जोडी. जोडताना सगळं उलटं, भातापासून सुरुवात आणि मीठ शेवटी. त्या चकत्या तर दिसायला सारख्याच, पण जाडीत केसाएवढा फरक. एक जरी इकडची तिकडे झाली की रीळ खरखरलंच. हे सगळं लिहून ठेव, असं मी एकदा सुचवलं. "जेवताना कागद पाह्यतं का तू?" त्याने विचारलं.

चक्रांच्या जोडीला तो फार जपे. एकाच कंपनीची दोन रिळं असली तरी याचं चक्र त्याला चालत नाही, हे त्याने मला दाखवून दिलं होतं. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून त्यांचे दात एकमेकांपुरते झालेले असतात. "हे जोडपं हाय," तो म्हणायचा, "दुसऱ्यासंग बसवलं तं दोघायचेई दात जातीन." आणि त्याचा एकच नेम होता, फिरल्याशिवाय रीळ घराबाहेर जायचं नाही. वर्ष लागो, दोन वर्षं लागोत. मालक फोन करकरून थकत. एखादं रीळ स्प्रिंगेची वाट पाहत बसे आणि त्याच्यासोबत ताटही अडकून पडे.

ताटं मामीची होती. बार्शीटाकळीहून लग्नात आलेली, दोन डझन, प्रत्येकाच्या काठावर तिचं नाव कोरलेलं. "माह्या मायनं ताटं देल्ली ते मानसाले जेवू घालाले," मामी मला ऐकवायची, "इथं लोखंडाले पंगत आन मानसाले पत्रावळ!" आणि हसायची. मामीचं हसणं मोठं होतं, शेजारच्यांना ऐकू जाई. पण एकदा तिचा भाऊ आला आणि त्याला स्वतःच्या आईने दिलेली ताटं डोळ्यांसमोर असताना पत्रावळीवर जेवावं लागलं, तेव्हा ती हसली नाही. भाऊ गेल्यावर ती मामाला म्हणाली, "एक डाव तरी रिकामे करून द्या. मले सगळ्या ताटायवर पंगत बसलेली पाहाची हाय." मामा चकती घासत होता. मान वर न करता म्हणाला, "देतो ना. पुढच्या मयन्यात."

हा पुढचा महिना त्यांच्या संसारात कधी उजाडलाच नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मामीच्या छातीत कळ आली. रिक्षात घातलं तेव्हा ती बोलत होती. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना बोलायची थांबली.

तेरवीच्या दिवशी बिछायतवाल्याची, म्हणजे भाड्याने आणलेली ताटं कमी पडली. बुंदी, पुऱ्या, कढी सगळं तयार, आणि दुसरी पंगत खोळंबलेली. नात्यातला कुणीतरी म्हणाला, "त्यात काय, पत्रावळ्या आना." मामा तोपर्यंत भिंतीला टेकून बसला होता. तो उठला.

"नाई," तो म्हणाला. "तिच्या तेरवीले पत्रावळ नाई."

आतून एक घमेलं आणलं आणि पहिलं ताट उचलून त्यात ओतलं. मग दुसरं. मी धावले. "मामा, काय करून राहिला तू? सगळे भाग मिसळतीन! लोकायचे रिळं हायत ते!" त्याने माझ्याकडे पाहिलं. "मालूम हाय मले," म्हणाला, आणि तिसरं ताट ओतलं. त्याचं भान सुटलं होतं असं नंतर पुष्कळांनी मला समजावलं. मी समोर होते. त्याला नीट कळत होतं की तो काय करतोय. चकत्या, स्प्रिंगा, चक्रांच्या जोड्या, सगळं खळखळत एकात एक गेलं. मग नळाखाली बसून त्याने सगळी ताटं स्वतः घासली, कुणाला हात लावू दिला नाही. पंगत बसली. ताटांना भाग धुवायच्या रॉकेलचा वास येत होता, एकदोघांनी नाकं मुरडली, पण जेवले. मामा दाराशी उभा राहून शेवटच्या माणसाचा हात धुऊन होईपर्यंत बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो घमेलं घेऊन बसला. मी अकोल्याला शाळेत शिकवते. सुट्टी मिळाली की बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरून अमरावतीला त्याच्याकडे जायची. दर वेळी तेच दृश्य. एक चकती उचलायची, खिडकीकडे धरायची, ठेवून द्यायची. कसंबसं एक रीळ जोडायचं, हँडल फिरवायचं, खर्र झालं की पुन्हा खोलायचं. आता तो सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडी. "पेपरवर काई समजत नाई वं," म्हणे. धुतलेली ताटं मांडणीत उभी होती. "मग ताटं घे ना," मी म्हटलं. "तिचे हायत ते," तो म्हणाला. दिवाळीपर्यंत एकही रीळ धड फिरलं नव्हतं. लोकांनी विश्वासाने दिलेलं मी नासवलं, हे एकच त्याच्या तोंडी होतं. मी खोटं बोलायची, जमेल म्हणायची. जमणार नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

सगळ्यात जास्त धास्ती त्याला दर्यापूरच्या बापूंची होती. बापू म्हणजे एक वयस्कर शेतकरी. त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाने उभी हयात पूर्णा नदीवर ज्या रिळाने मासे धरले ते रीळ त्यांनी आणून दिलं होतं, आणि मामाने ते पुन्हा फिरेल असा शब्द दिला होता. बापू आले त्या दिवशी मी तिथेच होते. मामाने ते रीळ वरून तेवढं लखलखीत केलं होतं. दोन्ही हातांनी पुढे केलं आणि म्हणाला, "बापू, हे फिरत नाई. आतमंदी दुसऱ्यायचे भाग हायत. माह्याच हातानं झालं. मले माफ करा."

बापू मोठ्याने हसले. माणूस मोकळ्या मनाचा. "अजी मास्तर, फिरवाचं कोनाले हाय! आता कोन जाते नदीवर? दादाच्या फोटोखाली शोकेसमंदी ठेवतो. काय चमकून राहिलं पाहा! नवंच केलं तुमी तं." रीळ रुमालात गुंडाळून, मामाच्या खांद्यावर थोपटून ते गेले. हँडलला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

मला सुटल्यासारखं झालं. "पाह्य मामा," मी म्हटलं, "उगाच जीव जाळत होता तू. बापू खूश झाले."

"तेच तं," मामा म्हणाला. "खूश झाला."

त्याने उठून दार लोटलं. मग म्हणाला, "वीस वर्सं तिले पत्रावळीवर जेवू घातलं वं मी. याच्यासाटी."

 

बाकीची रिळं त्याने हाताला लागेल ते आत कोंबून बंद केली, वरून पुसली आणि एकेका मालकाला फोन करून नेऊन टाकायला सांगितली. प्रत्येकाला तो तोंडावर सांगत होता की हे फिरत नाही. कुणी म्हणालं असू द्या, कुणी म्हणालं पोरांना दाखवायला बरं. एकजण तरी भांडेल म्हणून मी वाट पाहत होते. मामाही पाहत असावा. कुणी भांडलं नाही.

मग मी त्याला अकोल्याला घेऊन आले. त्याने विरोध केला नाही, हेच वाईट लक्षण होतं. आमच्या शेजाऱ्यांचा मिक्सर बिघडला, घड्याळ बंद पडलं, मी मुद्दाम त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. तो त्याकडे भिंतीकडे बघावं तसा बघे. सांगितलं की जेवे, सांगितलं की झोपे. थंडी ओसरायच्या आत एका सकाळी चहा घेऊन गेले तर तो गेलेला होता. भेटायला आलेले सगळे म्हणाले, मास्तर शांतपणे गेले. त्यात शांत काही नव्हतं. आत काही उरलंच नव्हतं, म्हणून आवाज झाला नाही.

तोंडात शेवटचं पाणी घालायला मी त्याचा हात बाजूला केला. माझ्या जन्मापासून त्याच्या नखांत ग्रीस पाहिलेलं, लग्नात, देवळात, मामीला अग्नी देतानासुद्धा. त्या दिवशी नखं लहान मुलासारखी पांढरी स्वच्छ होती. तो हात माझ्या मामाचा वाटेना.