मंजुळाबाईंच्या दारात आलेला प्रेक्षक

तव्यावरची भाकरी नुकती फुगली होती आणि नवरा, बिरू, डब्यासाठी घाई करत होता, तेवढ्यात मुकुंदवाडीतल्या मंजुळाबाईंच्या दारावर थाप पडली. दारात हर्सूलचा रिक्षावाला बिभीषण, हातात पेढ्यांचा पुडा. मागं त्याची दहावीतली शालू, मान खाली घालून.

आदल्या दिवशी औरंगपुऱ्यात मंजुळाबाईंच्या महिला मंडळाचं नाटक झालं होतं. परीक्षेपायी पोराला न्हाणीतसुद्धा पाढे म्हणायला लावणाऱ्या आईची भूमिका त्यांनी केली होती. लहानपणी माळावर मेंढरं वळून कमावलेला आवाज तो. मध्येच माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, आणि लोक पोट धरून हसले. बिभीषण तेवढा हसला नव्हता. अशी कडक बाई आपल्या घरात नाही, याचीच त्याला खंत वाटत राहिली. उद्या शालूचा पहिला पेपर. तिला एकदा तसंच झापा, म्हणून तो गळ घालत होता.

बिरूला हसू आवरेना. लोक हसत होते ते दिसलं नाही का, असं त्यानं विचारलं.

"हसणाऱ्यांचं काय जातंय? त्यांची पोरं हुशार असतील," बिभीषण म्हणाला.

मंजुळाबाईंनी पोरीकडं पाहिलं. ओठ सुकलेले, डोळे तारवटलेले. अभ्यासापायी कालपासून जेवली नाही, हे बाप कौतुकानं सांगत होता. त्यांनी गॅस बंद केला, पदर खोचला. झापते म्हणाल्या, पण आधी तुम्ही बसा त्या पाटावर, मला आवाज तापवू द्या.

"नव्वदच? उरलेले दहा कुणाच्या घरी ठेवून आलास रे?"

नाटकातलं हे वाक्य त्यांनी बिभीषणावरच असं सोडलं की फळीवरची ताटं थरथरली. शालूनं ओढणी तोंडाला लावली, तरी हसू फुटलंच. बिभीषण मात्र गुडघे पोटाशी घेऊन अंग चोरून बसला होता. नाटक थांबलं तरी त्यानं मान वर केली नाही.

"ताई, असं कुणी अंगावर आलं ना, की येतं तेबी इसरतो मी. शाळा तशीच सुटली माझी."

शालू हसायची थांबली आणि बापाकडं बघत राहिली.

मंजुळाबाई त्याला शहाणपण सांगत बसल्या नाहीत. गरम भाकरीवर वांग्याची भाजी घालून ताट शालूपुढं सरकवलं, आणि घरातल्या साध्या आवाजात म्हणाल्या,

"भाऊ, उद्या पेपर सुटला की तो कसा गेला, हे पोरीला विचारू नका."